किराणा दुकानदाराने आमदार होऊ नये काय?

प्रश्न साधा आहे. किराणा दुकानदाराने, शिंप्याने, पिठाची गिरणी चालवणाऱ्याने विधानसभेला उभे राहू नये, असे आपल्या राज्यघटनेत कुठे लिहिले आहे काय? कुठेही लिहिलेले नाही. वयाची पंचवीस वर्षे पूर्ण झालेल्या, मतदारयादीत नाव असलेल्या नागरिकाला ते दार उघडे आहे. मग तो उभा का राहत नाही? या प्रश्नाचे उत्तर आपण नेहमी भोपाळात, मुंबईत, बेंगळुरात नाहीतर थेट दिल्लीत शोधतो. मला ते माझ्याच घराच्या बैठकीत सापडले. ते लाजिरवाणे आहे, म्हणूनच येथे लिहीत आहे.

मी भोपाळच्या अशोका गार्डन वस्तीत राहतो. मूळचा मुलताईचा, पण नोकरीच्या निमित्ताने इकडे आलो आणि इकडचाच झालो. गल्लीत हिंदी, घरात मराठी, शाळेत दोन्ही. वाचकांपैकी बहुतेकांचे असेच चालले असेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान आहे. मालक पांढुर्ण्याकडचे. मी त्यांना भाऊ म्हणतो, ते मला सर म्हणतात. त्यांच्या दुकानात उधारीची वही आहे, आणि त्या वहीत अर्धी गल्ली आहे. कुणाची फी भरायची राहिली, कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचा पगार दोन महिने झाला नाही, हे त्यांना त्या वहीवरून कळते. मास्तर म्हणून मला जे वर्षअखेरीला कळते, ते भाऊंना महिनाअखेरीला कळलेले असते.

मध्य प्रदेश विधानसभेची मागची निवडणूक २०२३ सालची. अर्ज भरण्याची मुदत २१ ते ३० ऑक्टोबर. त्या दहा दिवसांतल्या एका संध्याकाळी भाऊ माझ्याकडे आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत कागद. म्हणाले, “सर, मी उभा राहून राह्यलो. तुमची एक सही पायजे.”

मी हसलो. आधी मी हसलो, हे मुद्दाम नमूद करतो. कारण आपल्या सुशिक्षित मराठी माणसाची पहिली प्रतिक्रिया तीच असते. अहो, तुम्ही? आणि आमदार?

भाऊ मात्र हसले नाहीत. पावसाळ्यात गल्लीत गुडघाभर पाणी साचते, त्याबद्दल एका कार्यालयात त्यांनी सहा अर्ज दिले होते. सहाही पोचपावत्या पिशवीत होत्या. “निवडून येनार नाही, मले मालूम हाय,” ते म्हणाले. “पण पंधरा दिवस तरी माह्यं कोनी आयकतील.”

सहीचे प्रकरण असे आहे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एका सूचकाची सही पुरते. अपक्षाला मात्र त्याच मतदारसंघातले दहा मतदार सूचक म्हणून लागतात. इकडे त्यांना प्रस्तावक म्हणतात. भाऊंकडे सात सह्या झाल्या होत्या. मी आठवा व्हावा, ही त्यांची इच्छा. शिवाय “मास्तरची सही हाय म्हटल्यावर बाकीचे दोघं आपोआप येतील,” असा त्यांचा हिशेब. दुकानदाराचा हिशेब सहसा चुकत नाही.

मी सही केली नाही.

मी सरकारी नोकर नाही. सरकारी नोकराला आचरण नियम आडवे येतात. मी खासगी संस्थेत मुख्याध्यापक आहे, मला कोणताही कायदा आडवा येत नव्हता. मला आडवे आले ते आमचे संस्थाचालक, आणि तेही प्रत्यक्ष नव्हे, माझ्या मनातले. त्यांना कळले तर काय म्हणतील? कुणाचे त्यांच्याकडे येणे-जाणे आहे? एखादी चौकशी, एखादे अनुदान, एखादी मान्यता अडकली तर? मी भाऊंना म्हणालो, “बघतो.” मराठी मध्यमवर्गाच्या शब्दकोशात ‘बघतो’ या क्रियापदाचा अर्थ काय होतो, ते वाचकांना सांगायला नको.

इतक्यात आतून माझी पत्नी चहा घेऊन आली. तिने सगळे ऐकले होते. तिने विचारले, “माझंही नाव यादीत आहे. माझी सही चालेल ना?” भाऊंचा चेहरा उजळला. आणि मी, इयत्ता दहावीला ‘लोकशाही आणि नागरिकांची कर्तव्ये’ हा धडा गेली पंचवीस वर्षे शिकवणारा मी, तिच्याकडे डोळे वटारून पाहिले. ती आत निघून गेली. भाऊंनी चहा अर्धाच घेतला.

तीस तारीख निघून गेली. अर्ज भरला गेला नाही.

आता कायद्याबद्दल. या दहा सह्यांच्या नियमाशी आपल्या सीमाभागाचा जवळचा संबंध आहे. १९९६ सालच्या लोकसभा निवडणुकीत बेळगाव मतदारसंघात ४५६ उमेदवार उभे होते. सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधावे म्हणून मराठी माणसांनी अर्जांचा पाऊस पाडला होता. मतपत्रिकेची पुस्तिका झाली. त्याच वर्षी आंध्रातल्या नलगोंड्यात ४८० उमेदवार होते, तर तामिळनाडूतल्या मोडकुरिची या विधानसभा मतदारसंघात १०३३. सरकार जागे झाले आणि त्याच वर्षी कायदा बदलला. विधानसभेची अनामत रक्कम २५० रुपयांवरून ५,००० झाली, अपक्षाला दहा सूचक आवश्यक ठरले. पुढे २०१० पासून अनामत १०,००० रुपये झाली. वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी, एवढीच सवलत.

एकेकाळी आपल्याच मराठी माणसांनी एका मतदारसंघात शेकडो अर्ज भरून दाखवले. आज आपल्यातल्या एका माणसाच्या एका अर्जाला आपल्याकडून दहा सह्या मिळत नाहीत. या घसरणीला काय म्हणावे?

पुढचे पाहा. मोठ्या राज्यांत विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. भाऊंना ती मर्यादा ओलांडण्याची भीती नव्हती, हे उघड आहे. परंतु गंमत अशी, की उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या स्वतःच्या खर्चाला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कंवरलाल गुप्ता खटल्यात, पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही त्याच्या हिशेबात धरावा, असा निकाल दिला होता. तो निकाल आला आणि लगेच कायदा दुरुस्त करून त्यातली हवाच काढून घेण्यात आली. २००३ साली ती पळवाट पुष्कळशी अरुंद केली गेली, पण बड्या नेत्यांच्या प्रवासाचा खर्च आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार आजही उमेदवाराच्या खात्यावर पडत नाही. दुकानदाराने मात्र उमेदवारीसाठी बँकेत वेगळे खाते उघडायचे, चहाच्या कपापासून रिक्षाच्या भाड्यापर्यंत रोजचा खर्च लिहायचा आणि निकालानंतर तीस दिवसांत तो सादर करायचा. न केल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता.

हिशेब देण्याला माझा विरोध नाही. दुकानदाराचाही नसतो, हिशेब हाच त्याचा धर्म. माझा आक्षेप एवढाच, की तराजू एक असावा.

आणखी एक कलम आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्यातले ९-अ. राज्य सरकारला माल पुरवण्याचा किंवा काम करून देण्याचा करार स्वतःच्या धंद्यात केलेला असेल आणि तो चालू असेल, तर तो माणूस विधानसभेला अपात्र. हेतू उत्तम. पण छोट्या माणसाचा धंदा त्याच्या स्वतःच्या नावावर असतो, मोठ्या माणसाचा कंपनीच्या नावावर. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने निराळीच व्यक्ती. तिच्या भागधारकाला हे कलम सहसा शिवत नाही. सरकारी वसतिगृहाला डाळ पुरवणारा किराणावाला अडकतो, मोठे कंत्राट घेणाऱ्या कंपनीचा भागधारक खुशाल अर्ज भरतो.

आणि २०२३ ची वेळ पाहा. अर्ज मागे घेण्याची मुदत २ नोव्हेंबर, त्यानंतर अपक्षाला चिन्ह. १० तारखेला धनत्रयोदशी, १२ ला लक्ष्मीपूजन, १७ ला मतदान. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा ज्या पंधरवड्यात मिळतो, नेमक्या त्याच पंधरवड्यात दुकानदाराने गल्लीबाहेर पडून चिन्ह समजावत फिरायचे. वर आचारसंहितेमुळे गल्ल्यातली पन्नास हजारांच्या वरची रोकड घेऊन घाऊक बाजारात जायचे, तर वाटेत कागद दाखवायची तयारी ठेवायची.

हे सारे खरे असले तरी कायद्याच्या माथी सगळे मारून मोकळे होणे मला मान्य नाही. याच निवडणुकीत रतलाम जिल्ह्यातल्या सैलाना मतदारसंघातून कमलेश्वर डोडियार निवडून आले. मातीच्या घरातला माणूस, उसनवारी करून निवडणूक लढवली, आणि निवडून आल्यावर मोटारसायकलवर बसून भोपाळला विधानसभेत आला. त्यांचा भारत आदिवासी पक्ष तेव्हा नुकताच जन्मलेला, मान्यता नसलेला. म्हणजे त्यांनाही दहाच सूचक लागले. त्यांना ते मिळाले. पंजाबात २०२२ साली मोबाइल दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लाभसिंग उगोके यांनी भदौरमध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री चरणजितसिंग चन्नी यांना ३७ हजारांहून अधिक मतांनी हरवले. त्यांच्या पाठीशी पक्ष होता, हे मान्य. पण आमच्याच भोपाळात कापड गिरणीतले कामगार बाबूलाल गौर १९७४ साली अपक्ष म्हणून विधानसभेत गेले आणि पुढे २००४ साली मुख्यमंत्री झाले. त्यांचे राजकारण कुणाला पटो वा न पटो, गिरणीतून विधानसभेत जाण्याची वाट होती एवढे त्यावरून सिद्ध होते.

आता आपल्या घरांतली तीन ठरलेली वाक्ये तपासू.

पहिले, ‘अपक्ष म्हणजे मते खाणारा.’ मते ही कुणाच्या पानात वाढून ठेवलेली पोळी आहे काय, की दुसऱ्याने खाल्ली? मत मतदाराचे असते. आणि बुऱ्हाणपूरच्या वाचकांना मी काय सांगावे? २०१८ साली त्यांनी मंत्रिपदावरच्या उमेदवाराला बाजूला सारून अपक्ष सुरेंद्रसिंह ठाकूर यांना निवडले. त्या विधानसभेत कोणत्याच पक्षाला स्पष्ट बहुमत नव्हते, आणि अवघ्या चार अपक्षांची मनधरणी करायला मोठेमोठे लोक धावत होते. २०२३ साली मात्र २३० जागांत एकही अपक्ष निवडून आला नाही.

दुसरे, ‘त्याला कायद्यातले काय कळते?’ हे वाक्य माझ्यासारखे एम.ए. झालेले लोक विशेष आवडीने उच्चारतात. ज्याने वजनमापांचा शिक्का, दुकानाचा परवाना, वस्तू व सेवा कर, व्यापारी दराचे वीजबिल आणि अन्नपदार्थांची नोंदणी एवढे सगळे वकिलाविना सांभाळले आहे, त्याला कायदा कळत नाही? त्याला कायदा पोटातून कळतो. आम्हाला तो पुस्तकातून कळतो.

तिसरे, ‘राजकारण म्हणजे चिखल, आपल्यासारख्यांनी त्यात पडू नये.’ मग जे पडतात त्यांच्या नावाने पाच वर्षे बोटे मोडण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

दुकानदार म्हणजे देवमाणूस, असे मी म्हणत नाही. मापात मारणारे दुकानदारही मी पाहिले आहेत, आणि उधारीची वही मते मागायला वापरता येते, हेही मला कळते. पण त्याची परीक्षा मतदाराने मतपेटीजवळ घ्यावी. ती परीक्षा माझ्यासारख्याने बैठकीत बसून, ‘बघतो’ म्हणून, आधीच उरकून टाकू नये.

मुद्दा सहीचाच आहे. मत गुप्त असते, म्हणून ते द्यायला धैर्य लागत नाही. सूचकाचे नाव गुप्त राहत नाही. ते कागदावर येते, लोक वाचतात. लोकशाहीत सामान्य माणसाला नाव लावून उभे राहण्याचे प्रसंग थोडेच येतात, आणि त्यातला हा एक. आपण बैतूल-छिंदवाड्यापासून बिदर-बेळगावपर्यंत सगळीकडे तक्रार करतो, की आमच्या भाषेला कुणी वाली नाही, आमच्या शाळेला शिक्षक मिळत नाहीत, आमचा माणूस सभागृहात नाही. तो माणूस येणार कुठून? तो आपल्या दारात येऊन, पिशवीतून कागद काढून उभा राहतो, तेव्हा आपण त्याला चहा पाजून परत पाठवतो.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाला भाऊंनी नेहमीप्रमाणे लाह्या-बत्तासे पाठवले. मुलाच्या हाती पाठवले, एरवी ते स्वतः येत. आमची उधारी त्यांनी बंद केली नाही. मीच त्या महिन्यापासून रोखीने घेऊ लागलो.

पुढची निवडणूक २०२८ साली येईल. तोवर मी निवृत्त झालेला असेन. तेव्हा सही करण्यात फारसे शौर्य नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच आज, नोकरीत असताना, संस्थाचालकांच्या घरी हा अंक जातो हे माहीत असताना, माझे म्हणणे छापून देत आहे. भाऊ उभे राहोत किंवा दुसरा कुणी शिंपी, गिरणीवाला, भाजीवाला उभा राहो. त्याच्या अर्जावरची एक सही माझी. मत कुणाला देईन ते माझे मी ठरवीन. दुसरी सही माझ्या पत्नीची. तिची ती करील. मी फक्त मध्ये येणार नाही.

उरल्या आठ. त्या कुणाच्या, हे ज्याने त्याने आपापल्या गल्लीत पाहावे.