ज्याचा शब्दच हरपतो, त्याच्या वतीने

आजारांनाही समाजात मानमरातब असतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले गृहस्थ आपल्या बायपासची हकीगत लग्नाच्या पंगतीत चवीने सांगतात. मधुमेही माणूस 'माझ्या चहात साखर नको' असे म्हणाला की शेजारचे आणखी दोघे-तिघे 'माझ्याही' म्हणतात. ज्याचे नाव काढले तरी एके काळी दारे लावून घेतली जात, तो क्षयही आता दवाखान्यांच्या भिंतींवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो. परंतु 'मेंदूत गाठ आहे' म्हटले की सांगणाऱ्याचा आवाज आपोआप खाली येतो. ऐकणारा 'अरेरे' म्हणतो आणि पुढे काय विचारावे हे न सुचून पावसापाण्याकडे वळतो.

या अबोल्यामागे भीती आहे हे खरेच. पण आणखी एक कारण आहे आणि त्याचा आपण फारसा विचार करत नाही. स्तनाच्या कर्करोगाविषयी जगभर उघडपणे बोलले जाऊ लागले, त्यात या रोगातून बऱ्या झालेल्या स्त्रियांचा वाटा फार मोठा होता. एड्सच्या रुग्णांनी स्वतः रस्त्यावर उतरून औषधे मागितली. मेंदूच्या घातक गाठींच्या बाबतीत हे घडणे अवघड. त्यांतली सर्वात आक्रमक गाठ म्हणजे ग्लायोब्लास्टोमा. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार आणि त्याच्या जोडीला टेमोझोलोमाइड ही गोळी, ही आजची रुळलेली उपचारपद्धती ज्या चाचणीने सिद्ध केली, तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. या जोडउपचारानंतरही निम्मे रुग्ण पंधरा महिन्यांच्या आतच गेले होते. आणि जे दिवस हाती असतात, त्या दिवसांत हा रोग नेमका बोलणाऱ्या, आठवणाऱ्या, निर्णय घेणाऱ्या अवयवावरच घाला घालतो. ज्याला स्वतःच्या मुलीचे नाव आठवायला वेळ लागतो, त्याने मोर्चा कसा काढायचा? निवेदनावर सही कशी करायची?

म्हणून या रुग्णांची बाजू मांडण्याचे काम घरच्यांवर येते. पत्नीवर, आईवर, भावावर. आणि पुष्कळदा रुग्ण गेल्यानंतर. ब्रेन ट्यूमरच्या रुग्णांसाठी जगात गेल्या पंचवीस-तीस वर्षांत जे काही झाले, त्याचा बराचसा इतिहास अशा घरांचा आहे. त्या इतिहासातून आपण एक धडा घ्यावा असे मला वाटते. या माणसांना यश आले ते त्यांनी सहानुभूती मागितली तेव्हा नव्हे, तर एखादी नेमकी, मोजता येण्याजोगी गोष्ट मागितली तेव्हा.

घरातून उठलेली चळवळ

ऑस्ट्रेलियातील डेनिस स्ट्रँगमन यांची पत्नी २००१ साली ग्लायोब्लास्टोमाने गेली. इंग्लंडमधील कॅथी ऑलिव्हर यांच्या मुलाला ब्रेन ट्यूमर होता. अशा माणसांच्या पुढाकाराने २००५ साली एडिंबरा येथे, मेंदूच्या गाठींवर काम करणाऱ्या डॉक्टरांची जागतिक परिषद भरली असताना, 'इंटरनॅशनल ब्रेन ट्यूमर अलायन्स' ही संस्था स्थापन झाली. तज्ज्ञ जेथे जमतात तेथेच रुग्णांच्या वतीने एक खुर्ची मांडायची, ही त्यामागची भूमिका. २००७ पासून ही संस्था ऑक्टोबरच्या अखेरीस जागृती सप्ताह पाळते. त्याआधी, २००० साली, जर्मनीतील अशाच एका संस्थेने ८ जून हा 'जागतिक ब्रेन ट्यूमर दिन' म्हणून पाळायला सुरुवात केली होती. या चळवळीची फीत राखाडी आहे. मेंदूच्या करड्या द्रव्याचा तो रंग.

दिवस, सप्ताह आणि फिती यांची चेष्टा करणे सोपे आहे. आपल्याकडे तर दिन साजरा करणे म्हणजे हार, दीपप्रज्वलन आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातला फोटो. पण या संस्थांनी फितीपाशी थांबायचे नाकारले. अलायन्सने २०२० साली रुग्णांच्या हक्कांची सनद प्रसिद्ध केली. लक्षणांची योग्य तपासणी, स्पष्ट निदान, उपचारांनंतरचे पुनर्वसन, वेदना कमी करणारी शुश्रूषा आणि शेवटच्या दिवसांतला सन्मान यांचा तिच्यात समावेश आहे. ही वचने ऐकायला साधी वाटतात. पण आपल्या माणसाची फाइल घेऊन एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरलेल्या कुणालाही विचारावे, यातले किती साधे असते!

आधी मोजा तरी

नेमके मागणे म्हणजे काय, याचा उत्तम नमुना अमेरिकेत सापडतो. तेथे कर्करोगाच्या रुग्णांची देशभर नोंद ठेवणारी यंत्रणा १९९२ च्या कायद्याने उभी राहिली. पण कर्करोगाची नोंद म्हणजे फक्त कर्करोगाचीच नोंद. मेंदूतल्या ज्या गाठी कर्करोगाच्या नसतात, ज्यांना डॉक्टर 'बिनाइन' म्हणजे सौम्य म्हणतात, त्या या वहीत येतच नव्हत्या.

आता हा 'सौम्य' शब्द पोटातल्या किंवा पाठीवरच्या गाठीला शोभतो. कवटीचे तसे नाही. ती चहूबाजूंनी बंद हाडाची पेटी. आत जागा वाढवायची सोय नाही. तेथे सावकाश वाढणारी साधी गाठही दृष्टी नेऊ शकते, चालणे थांबवू शकते, जीवही घेऊ शकते. शिवाय अमेरिकेतील नोंदी सांगतात की, मेंदूत आणि त्याच्या आवरणांत उद्भवणाऱ्या गाठींपैकी दोन तृतीयांशांहून अधिक याच सौम्य वर्गातल्या असतात. म्हणजे बहुसंख्य रुग्ण सरकारच्या हिशेबी नव्हतेच! रुग्णांच्या संघटनांनी आणि संशोधकांनी हा मुद्दा लावून धरला. २००२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि १ जानेवारी २००४ पासून या गाठींचीही नोंद होऊ लागली. एका रुग्णालाही या कायद्याने त्या दिवशी बरे केले नाही. पण किती रुग्णालये हवीत, किती डॉक्टर हवेत, कोणत्या वयात काय आढळते, याची उत्तरे मोजल्यावाचून मिळत नाहीत. जे मोजले जात नाही, त्याला अंदाजपत्रकात जागा नसते.

चौदा आठवड्यांचे सात

दुसरा नमुना ब्रिटनचा. मुलांमधल्या मेंदूच्या गाठी ओळखायला तेथे फार उशीर होत असे. पहिल्या लक्षणापासून निदानापर्यंत निम्म्या मुलांना १४.४ आठवड्यांहून अधिक काळ लागत असे. पालक डॉक्टरांकडे जात, डॉक्टर पित्त, पोटाचा बिघाड, चष्म्याचा नंबर, शाळेत न जाण्याचे सोंग अशा एकेक शंका घेत आणि दिवस जात. नॉटिंगहॅमच्या बालरोगतज्ज्ञांनी आणि रुग्णांच्या संस्थेने मिळून २०११ साली 'हेडस्मार्ट' ही मोहीम सुरू केली. तिचे हत्यार काय, तर एक लहानसे कार्ड. पाच वर्षांखालील मूल, शाळकरी मूल आणि किशोरवयीन मूल अशा तीन गटांत लक्षणांची यादी. कार्डे पालकांकडे गेली, शाळांत गेली, डॉक्टरांच्या टेबलावर गेली. २०१३ पर्यंत तो काळ ६.७ आठवड्यांवर आला. ना नवे औषध, ना नवे यंत्र. फक्त योग्य वेळी पडलेली योग्य शंका.

शंका न आल्याने काय होते, हे जॉर्ज गर्श्विन या थोर अमेरिकन संगीतकाराच्या बाबतीत दिसले. डोकेदुखी होती, रबर जळल्याचा वास येत असे. हा मानसिक ताणाचा, हिस्टेरियाचा प्रकार असावा असे ठरले. जुलै १९३७ मध्ये तो बेशुद्ध पडला तेव्हा कुठे मेंदूतली गाठ उघड झाली. शस्त्रक्रियेनंतर तो गेला. वय अवघे ३८. तेव्हा मेंदूच्या आत पाहण्याची साधने तुटपुंजी होती. आज सीटी स्कॅन आणि एमआरआय जिल्ह्याच्या गावी पोचले आहेत. अडते ते यंत्रापाशी नव्हे, यंत्रापर्यंत पोचण्यापाशी.

तिसरा प्रश्न पैशाचा. ब्रिटनमध्येच, २६ व्या वर्षी गेलेल्या एका तरुणाच्या कुटुंबाने संशोधनासाठी निधी मागणारा अर्ज पार्लमेंटकडे केला. त्यावर एक लाखाहून अधिक सह्या पडल्या आणि २०१६ साली खासदारांच्या समितीने या विषयाची दशकानुदशके उपेक्षा झाल्याचे स्पष्ट लिहिले. पुढे माजी मंत्री टेसा जॉवेल यांनाच ग्लायोब्लास्टोमा झाला. २५ जानेवारी २०१८ रोजी त्या उमराव सभागृहात बोलल्या. शब्द जुळवताना त्यांना कष्ट पडत होते. भाषण संपल्यावर, टाळ्या न वाजवण्याचा संकेत मोडून, सारे सभागृह उभे राहिले. त्या मे महिन्यात गेल्या. सरकारने संशोधनासाठी ४ कोटी पौंड जाहीर केले. अर्थात जाहीर होणे आणि हाती पडणे यांतले अंतर तेथेही आहेच. २०२३ साली खासदारांच्याच एका गटाला त्याचा जाब विचारावा लागला. एका हृदयस्पर्शी भाषणाने तिजोरी उघडते. पण ती उघडी ठेवायला मागे संस्था लागते.

आपल्या घरात

आपण कोठे आहोत? अगदीच मागे नाही. देशातली पहिली कर्करोग नोंदवही १९६३ साली मुंबईत सुरू झाली. ग्रामीण भागातली पहिली नोंदवही १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत. मोजण्याची परंपरा आपली आहे. ती सौम्य म्हणवणाऱ्या गाठींपर्यंत नेण्याची मागणी आपण का करू नये? मुंबईच्या टाटा रुग्णालयातील डॉक्टरांच्या पुढाकाराने ब्रेन ट्यूमर फाउंडेशन ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली आहे. परगावचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आसरा घेतात, तेव्हा एका संताने घातलेला पायंडा आधुनिक वैद्यकाच्या मदतीला येतो.

उणीव आहे ती घरातली. एखाद्याला फिट आली की आजही कुठे कांदा, तर कुठे चप्पल हुंगवली जाते. मग बाहेरचे पाहणे होते, अंगारा होतो. मुलगी असेल तर 'कुठे बोलू नका, लग्नाचे पाहायचे आहे' अशी ताकीद मिळते. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा अडसर १९९९ साली निघाला; मनातून निघायचा आहे. प्रौढ माणसाला आयुष्यात प्रथमच फिट येणे ही झाकण्याची नव्हे, तातडीने तपासून घेण्याची बाब आहे. शांत स्वभावाचा माणूस एकाएकी भडकू लागतो, हिशेब चुकवतो, बेफिकीर होतो. घर म्हणते, 'वय झाले' किंवा 'नोकरीचा ताण'. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ असेही रूप घेऊन येते. आणि कितीतरी निदाने नेत्रतज्ज्ञाच्या खुर्चीत होतात, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्यावर मेंदूतला वाढलेला दाब दिसू शकतो.

याचा अर्थ प्रत्येक डोकेदुखीला घाबरावे असा मुळीच नाही. बहुतेक डोकेदुखीमागे गाठ नसते. मोबाइल फोनच्या बाबतीतही तसेच. २०११ साली तज्ज्ञांनी त्याला केवळ 'शक्यता' या सदरात टाकले होते. जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या मोठ्या आढाव्यात ब्रेन ट्यूमरशी त्याचा संबंध आढळला नाही. जागृती म्हणजे भीती वाढवणे नव्हे. कशाला भ्यावे आणि कशाला नाही, हे समजणे.

आणि सारेच चित्र काळे नाही. सौम्य गाठी काढून वर्षानुवर्षे नीट जगणारी माणसे आपल्या आसपास असतात. ती सांगत नाहीत, एवढेच. मुलांमधल्या सावकाश वाढणाऱ्या ग्लायोमाला जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली आपल्या बालकर्करोग मोहिमेतल्या सहा मुख्य रोगांत घेतले, ते त्यावर चांगला इलाज आहे म्हणूनच. या मोहिमेचे उद्दिष्ट २०३० पर्यंत कर्करोग झालेल्या मुलांपैकी किमान ६० टक्के वाचवण्याचे आहे.

८ जून आपल्याकडे मृगाच्या तोंडावर येतो. सगळ्यांचे डोळे आभाळाकडे आणि घरात वह्या-पुस्तकांना कव्हरे घालण्याची गडबड. तीच वेळ साधून एक काम सहज करता येईल. शाळा सुरू होताना फीच्या कागदांबरोबर प्रत्येक घरी एक मराठी कार्ड जावे. सकाळी उठताच डोके दुखून वारंवार होणारी उलटी, तोल जाणे, एकाएकी आलेला तिरळेपणा, सतत एका बाजूला कललेली मान, पहिली फिट. यांतले काही दिसले तर अमुक इतक्या दिवसांत डॉक्टरांना दाखवा, एवढाच मजकूर. तो बालरोगतज्ज्ञांनी लिहावा, शिक्षकांनी वाचून दाखवावा. खर्च छपाईचा. आणि वर्षाअखेर तालुक्यातल्या कुणीतरी विचारावे : यंदा किती मुलांचे निदान किती आठवड्यांत झाले?