वहीला मार्क नसतात!

मित्र-मैत्रिणींनो, आज सुरुवातीलाच एक सोपा प्रश्न. गेल्या मंगळवारी तुम्ही किती ग्लास पाणी प्यायलात? आणि रात्री झोपलात किती वाजता?

बघा, लागलात ना डोकं खाजवायला! मंगळवारी गणिताला कोण सर आले होते ते आठवतं, डब्यात काय होतं तेही आठवेल कदाचित. पण पाणी? झोप? ते कोण लक्षात ठेवतं! आणि नेमकं तिथेच आपलं शरीर आपल्याला चकवतं. आज त्याचीच एक खरी गोष्ट सांगते.

आमच्या शेजारी आठवीतली एक मुलगी राहते. तिचं नाव मी सांगणार नाही, तसं तिला कबूल केलंय. मार्च महिना होता. आपल्या नागपूरचं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे, कूलर गच्चीवरून खाली यायला लागले होते. ही पोर शाळेतून घरी आली की दप्तर टाकून सरळ आडवी. डोकं ठणकायचं.

घरात प्रत्येकाचं निदान तयार! आजी म्हणाली, "पोरीले ऊन लागलं. दप्तरात कांदा ठेवत जाय." बाबा म्हणाले, "मोबाईल बंद कर आधी." आई म्हणाली, "चष्मा लागला असेल." डोळे तपासले, तर ते अगदी छान. मग आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले सगळे. त्यांनी तिला तपासलं आणि औषधाच्या चिठ्ठीऐवजी म्हणाले, "एक वही कर. झोप किती, नाश्ता काय, पाणी किती, डोकं कधी दुखलं, एवढंच रोज लिही. आठ दिवसांनी दाखव."

आठ दिवसांनी डॉक्टरांनी वही उघडली. पाणी : ८ ग्लास. पाणी : ८ ग्लास. पाणी : ८ ग्लास. झोप रोज ९ तास. नाश्ता रोज पोळी, दूध, केळं. डॉक्टर हसायलाच लागले. "अगं, इतकं एकसारखं तर घड्याळसुद्धा चालत नाही! ही काय परीक्षा आहे? या वहीला मार्क नसतात, बेटा. जे व्हायला हवं ते नको लिहूस. जे झालं ते लिही."

ती लाजली. आई वही वाचणार म्हणून तिनं सगळं 'छान छान' लिहिलं होतं. मग तिच्या आईनंच सांगितलं, "मी नाही बघणार. तू लिही." आणि पुढचे १४ दिवस तिनं खरं खरं लिहिलं.

आता तुम्ही डॉक्टर व्हा. त्या १४ दिवसांत दोन रविवार आणि धुळवडीची सुटी होती. या तिन्ही दिवशी डोकं दुखलं नाही. दोन शनिवारी शाळा अर्धा दिवस होती, तेव्हाही नाही. उरले पूर्ण शाळेचे ९ दिवस. त्यातले ८ दिवस डोकं दुखलं! ज्या एका दिवशी दुखलं नाही, त्या दिवशी शाळा लवकर सुटली होती.

"म्हणजे शाळेचं टेन्शन!" असं म्हणालात ना? बाबाही तेच म्हणाले. पण पाण्याचा रकाना बघा. सुटीच्या दिवशी ७-८ ग्लास. शाळेच्या दिवशी सकाळी साडेदहा ते संध्याकाळी साडेपाच : अर्धा ग्लास. कधी शून्य. बाटली जशी भरून नेली तशीच परत.

"का गं नाही पीत?" तिच्या आईनं विचारलं. ती काही बोलेना. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाली, "मावशी, शाळेतल्या बाथरूमची कडी तुटलीय. आणि वास इतका येतो की आत पाय ठेववत नाही. पाणी प्यायलं की जावं लागतं ना. म्हणून मी पीतच नाही."

आता सांगा, हे कारण कांद्याला, चष्म्याला किंवा मोबाईलला कसं सापडलं असतं? तिला स्वतःलाही डोकेदुखी आणि पाणी यांचा संबंध माहीत नव्हता. भर उन्हाळ्यात सात तास पाण्याशिवाय राहिलं की डोकं दुखू शकतं. लघवी तासन्‌तास रोखून धरणं तर त्याहून वाईट, त्यानं जंतुसंसर्गही होऊ शकतो.

आई दुसऱ्या दिवशी शाळेत गेली. एकटी नाही, आणखी चार मुलींच्या आया बरोबर होत्या. कारण विचारपूस केली तर काय निघालं? वर्गातल्या कितीतरी मुली हेच करत होत्या, आणि प्रत्येकीला वाटायचं, आपण एकटीच! मुख्याध्यापिकाबाईंनी ऐकून घेतलं. नवी कडी बसली, सफाईची वेळ ठरली. आमच्या मैत्रिणीनं वही आणखी १४ दिवस चालू ठेवली. त्यात डोकं दोनदाच दुखलं, आणि दोन्ही वेळा आदल्या रात्री ती लग्नाहून बारा वाजता आली होती. हेही वहीनंच सांगितलं!

ही युक्ती काही नवी नाही बरं. इटलीत पादुआ इथं सांतोरिओ नावाचा एक डॉक्टर होता. त्यानं एक मोठ्ठा तराजू केला आणि त्याला खुर्ची टांगली. त्या खुर्चीत बसून तो स्वतःचं वजन करायचा. खाण्यापिण्याचं वजन, आणि हसू नका, शी-शूचंसुद्धा! असं त्यानं सुमारे ३० वर्षं केलं आणि १६१४ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याला काय दिसलं? दिवसात आठ भाग खाल्लं-प्यायलं, तर त्यातले सुमारे पाच भाग आपल्याला न दिसता, त्वचेतून आणि श्वासातून निघून जातात. म्हणजे घामाच्या धारा लागल्या नाहीत तरी शरीरातलं पाणी कमी होतच असतं. मग नागपूरच्या मे महिन्याचा विचार करा!

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? आपल्या नागपूरहून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्राम आहे. तुमच्यातले बरेच जण सहलीला जाऊन आले असतील. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले. आपण काय खातो, त्याचा शरीरावर काय परिणाम होतो, याचे प्रयोग ते आयुष्यभर स्वतःवर करत राहिले. आश्रमातल्या लोकांनी रोजनिशी लिहावी असाही त्यांचा आग्रह असे. त्यांच्या तब्येतीच्या जुन्या नोंदी २०१९ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं प्रसिद्ध केल्या. त्यात १९३९ सालचं त्यांचं वजन आहे, फक्त ४६.७ किलो! पण १९ फेब्रुवारी १९४० ची रक्तदाबाची नोंद बघा : २२०/११०. साधारणपणे तो १२०/८० च्या आसपास असावा. इतका बारीक, साधं जेवणारा, रोज भरपूर चालणारा माणूस. नुसतं पाहून कोणाला वाटलं असतं? मोजलं म्हणून कळलं.

आता थोडी सावधगिरीही हवी. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं तापमान दाखवलं ५६ अंश! देशभर बातमी झाली. पण शहरातली बाकीची केंद्रं तेवढं दाखवत नव्हती. तपासलं तर सेन्सर बिघडलेला. म्हणून एखादा आकडा विचित्र आला की लगेच घाबरू नका, दुसऱ्या नोंदींशी ताडून बघा. मनगटावरचं पावलं मोजणारं घड्याळही चुकू शकतं. आणि एका दिवसावरून काहीच ठरवू नका. एकदा दही खाल्लं आणि शिंक आली, म्हणून बिचारं दही गुन्हेगार ठरत नाही!

मग करणार का वही? जुन्या वहीची कोरी पानंही चालतील. एकच तक्रार निवडा : सकाळी उठवत नाही, पोट दुखतं, चौथ्या तासाला झोप येते, काहीही. तीन-चारच रकाने आखा. रोज झोपण्याआधी दोन मिनिटं लिहा. विसरलात तर ती जागा कोरी सोडा, मनानं भरू नका. १४ दिवस काही बदलू नका, फक्त लिहा. मग पान समोर ठेवून शोधा. काही सापडलं तर एकच गोष्ट बदला आणि पुन्हा १४ दिवस लिहा. दोन-तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं वाटलं ते कळणारच नाही.

रोज वजन मात्र करत बसू नका. तुमचं वय वाढायचं आहे. मैत्रिणीच्या वहीशी तुलनाही नको. आणि डोकेदुखीबरोबर ताप, उलट्या किंवा अंधारी येत असेल, तर वही बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जायचं.

आई-बाबांनो, तुमच्यासाठी एकच ओळ. वही तपासून लाल शाईनं सही करू नका. रागावणार नाही असा भरवसा मुलांना वाटला, तरच त्यात 'पाणी : शून्य' असं लिहिलं जाईल. आणि ते शून्यच तर तुम्हाला हवंय.

चला, पेन्सिल घ्या. आज रात्री पहिली ओळ. तुमच्या वहीनं काय पकडलं ते मला पत्रानं नक्की कळवा. भेटू पुढच्या आठवड्यात!

तुमची,
मावशी