शेरीचें पीप आणि मोहाचें फूल

या कौटुंबिक सदरांत विलायती मद्याची चर्चा कशासाठीं, असें कित्येक वाचकांस वाटेल. परंतु पुण्यामुंबईचे आप्त जिची वाखाणणी करतात ती ‘सिंगल माल्ट’ म्हणजे काय, हें समजून घेण्यांत दोष नाहीं.

मोड आणलेल्या सातूपासून एकाच कारखान्यांत गाळलेली ही स्कॉटलंडची व्हिस्की कायद्यानें निदान ३ वर्षें ओकच्या पिपांत मुरवावी लागते. पूर्वीं ज्यांत स्पेनमधील शेरी हें द्राक्षमद्य भरलेलें होतें, अशा पिपांत तिला कधीं कधीं अखेरचे कांहीं महिने ठेवितात. लांकडांत जिरलेला रस तींत उतरतो व मनुका, अंजीर, अक्रोड यांचा वास येतो. स्वस्त बाटलींत पुष्कळदां हा गोडवा वरवरचा असतो. त्यामागें कोवळ्या मद्याची आग जिभेस जाणवते.

आतां आपल्या यवतमाळाकडे वळूं. चैत्रांत पांढरकवडा-घाटंजीच्या रानांत पहांटे मोहाचीं मांसल फुलें गळतात. गोंड व कोलाम स्त्रिया तीं वेंचून वाळवितात. वाळलेलें फूल तांबूस होऊन सुरकुततें आणि चवीनें थेट मनुकेच्या जवळ जातें. जो गुण आणावयास तेथें परदेशचें पीप लागतें, तो येथें झाडाखालीं पडलेला असतो!

मग एकास प्रतिष्ठा व दुसऱ्यास बदनामी कां? हातभट्टीला मोजमाप नाहीं, मुरवण नाहीं, तपासणीहि नाहीं. तिनें किती संसार बुडविले, हें येथील स्त्रियांस सांगावयास नको. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालीं मोहफुलांच्या सांठ्यावर बंधनें आलीं. तीं महाराष्ट्र सरकारनें २०२१ सालीं सैल केलीं. परवान्यावांचून दारू गाळणें मात्र गुन्हाच आहे. तिकडे गोव्याच्या काजूफेणीस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें.

मद्याचें समर्थन आम्हांस करावयाचें नाहीं. परंतु दोष फुलाचा नव्हे. वेंचणाऱ्या बाईस त्याचें मोल एकटा दारूवालाच देत असेल, तर फूल भट्टीकडेच जाणार. म्हणून गृहिणींनीं वाळलेलीं फुलें विकत घ्यावीं, आंतील केसर काढून स्वच्छ धुवावीं, कोरडीं करून तुपावर परतावीं व तिळाच्या लाडवांत घालावीं. शेरीच्या पिपाची ती वाखाणलेली चव मुलाबाळांसह, एक थेंबहि न घेतां, घरच्या ताटांत मिळेल; आणि रानांतल्या त्या बाईस भट्टीवांचून दुसरें गिऱ्हाईक लाभेल.