हंसराजाची नोंद कोण ठेवणार?

आरेतली कारशेड असो की राष्ट्रीय उद्यानाखालून जाणारे गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे बोगदे, मुंबईच्या उपनगरांतला वाद येऊन अडतो तो झाडांच्या आकड्यावर. राज्याचा १९७५ चा झाडांच्या जतनाचा कायदाही वृक्षांचाच. त्यात हंसराजासारख्या नेच्याला जागा नाही. ओल्या कातळावर, दगडी बांधाच्या फटीत पावसाळ्यात उगवणारी ही वनस्पती. देठ काळाभोर, चकचकीत, पर्णिका अर्धचंद्रासारख्या, पानाचे टोक लांबून मातीला टेकले की तिथे नवे रोप धरते. फलनासाठी तिला पाण्याचा पातळ थर लागतो. म्हणून झरा आटला किंवा बांधावर सिमेंटचा गिलावा चढला की ती जाते, आणि गेल्याचा पंचनामा होत नाही.

ती कुठे होती हे ठामपणे सांगणारा पुरावा म्हणजे वनस्पती-संग्रहालयातला नमुना: दाबून वाळवलेले रोप आणि त्याखाली ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. सेंट झेवियर्स महाविद्यालयातला ब्लाटर संग्रह १९०६ पासूनचा. फादर ब्लाटर आणि द’अल्मेडा यांनी १९२२ साली मुंबई इलाख्यातल्या नेच्यांवर पुस्तकच काढले. आता मोबाइलवर फोटो काढता येत असताना हा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. फोटो उपयोगी आहेतच. पण हंसराजाचे बीजाणू पर्णिकेच्या दुमडलेल्या कडेखाली असतात, आणि वरून टिपलेल्या फोटोत नेमकी तीच कड दिसत नाही. ओळख चुकली असेल तर नमुना पन्नास वर्षांनीही सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येतो, त्यातून डीएनएही काढता येतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या नोंदी विस्कळीत आहेत. नुसते ‘साष्टी’ लिहिले असेल तर वांद्र्यापासून मुलुंडपर्यंत काहीही समजावे! शिवाय नमुने गोळा होतात ते वाट सोपी असते तिथे. नोंद नाही म्हणून वनस्पती नव्हती असे म्हणता येत नाही. हे खरेच, पण त्यावरचा उपाय नोंदी नियमित करणे हाच. हंसराज दुर्मीळ नाही, म्हणून त्याच्याकडे लक्ष जात नाही. पण बदल मोजायला अशीच सर्रास आढळणारी वनस्पती लागते. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २०२४ मध्ये सव्वाआठ लाख नमुन्यांचा संग्रह बंद करण्याचे जाहीर केले. आपण त्या वाटेने जाण्याऐवजी अंधेरी, घाटकोपर, बोरिवलीतल्या महाविद्यालयांनी दर पावसाळ्यात ठरलेल्या जागांवरून, वनहद्दीत रीतसर परवानगी घेऊन, एकेक पान जमा करावे; मूळ उपटण्याची गरज नाही. आणि प्रकल्पांच्या पर्यावरण अहवालांत या नोंदी तपासणे सक्तीचे करावे.