टायर नवे, जुळवणीही नवी

मोटोजीपी या जागतिक मोटारसायकल शर्यतीत २००९ ते २०१५ या काळात ब्रिजस्टोन ही एकच कंपनी टायर पुरवीत असे. २०१६ मध्ये तिची जागा मिशेलिनने घेतली आणि चाकाचा व्यासही साडेसोळा इंचांवरून सतरा इंच झाला. चालक निष्णात होते. तरीही सरावात अनेकांचे पुढचे चाक निसटले. संघांना गाडीच्या वजनाचा तोल आणि सस्पेन्शन नव्याने जुळवावे लागले.

घर, दुकान आणि वखार यांदरम्यान रोज धावणाऱ्या साध्या मोटारसायकललाही हे तत्त्व लागू पडते. टायरच्या कडेवर १००/९०-१७ असा आकडा असतो. त्याचा अर्थ १०० मिलिमीटर रुंदी, रुंदीच्या ९० टक्के उंची आणि १७ इंचांचे चाक. आकडा एकच असला, तरी दोन कंपन्यांच्या टायरची प्रत्यक्ष उंची, गोलाई आणि कडांचा ताठपणा यांत फरक असू शकतो. टायर हीदेखील एक स्प्रिंगच आहे. ती बदलली, की शॉकॲब्सॉर्बरच्या वाट्याला येणारे कामही बदलते.

म्हणून टायर बदलल्यावर क्रम पाळावा. प्रथम टायर थंड असताना गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाइतकीच हवा भरावी. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर सावकाश चालवावे, कारण कोऱ्या टायरची पकड तोवर पूर्ण येत नाही. त्यानंतरही गाडी अस्थिर वाटली, तरच मागच्या शॉकॲब्सॉर्बरला हात लावावा. मागचा टायर पूर्वीपेक्षा उंच असेल, तर गाडीचा मागचा भाग उचलला जातो. हँडल चपळ होते, परंतु सरळ रस्त्यावरील स्थिरता घटते. अशा वेळी स्प्रिंगचा ताण एक खाच कमी करून पाहावा. मागे कुणी बसणार असेल किंवा माल लादायचा असेल, तर मात्र ताण वाढवावा लागतो.

एका वेळी एकच बदल करावा, त्याच रस्त्यावर त्याच वेगाने गाडी चालवून पाहावी आणि मूळ खाच कोणती होती हे लिहून ठेवावे. वहीतील नोंदीवरून हिशेबाची चूक सापडते, तसेच येथेही घडते. बिघडलेला तोल कोरड्या, मोकळ्या रस्त्यावर ध्यानात यावा. पावसाळी घाटाच्या वळणावर, पाठीमागे घरचे माणूस बसलेले असताना तो कळणे फार महागात पडते.