वांटणी आणि शेजार

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसास वांटणी म्हणजे काय हें निराळें सांगावें लागत नाहीं. भाऊ वेगळे होतात, चुली दोन होतात, अंगणांत भिंत उभी राहते. विहीर मात्र पुष्कळदां सामाईकच राहते. जेथें वांटणीचें तत्त्व आधीं ठरतें आणि मग वांटे पडतात, तेथें वर्ष-दोन वर्षांत मनें निवळतात. जेथें वांटे आधीं पडतात व तत्त्वाचा वाद मागाहून उपस्थित होतो, तेथें नातवंडेंही एकमेकांच्या अंगणांत पाऊल ठेवीत नाहींत. घरास जें लागू, तेंच राज्यांस व राष्ट्रांसही लागू आहे.

दूरचें उदाहरण प्रथम घेऊं. १९१० सालीं जपाननें शेजारचा कोरिया आपल्या साम्राज्यास जोडला आणि १९४५ पर्यंत तेथें राज्य केलें. शेवटच्या वर्षांत शाळांतून कोरियन भाषा हद्दपार झाली. १९४० पासून लोकांवर जपानी धर्तीचीं नांवें घेण्याचा दाब आला. पुढें १९६५ सालीं जपान व दक्षिण कोरिया यांचा तह झाला. जपाननें तीस कोटी डॉलर देणगीदाखल व वीस कोटी डॉलर कर्जाऊ देऊं केले, आणि परस्परांचे दावे पूर्णपणें व कायमचे मिटले असें लिहून ठेवलें. परंतु १९१० चें तें सामिलीकरण मुळांत न्याय्य होतें कीं नव्हतें, या प्रश्नावर उभय पक्षांचें एकमत झालेंच नाहीं. म्हणून जुने करार 'आतां रद्दबातल आहेत' एवढेच मोघम शब्द घातले गेले. कोरियानें त्यांचा अर्थ 'प्रथमपासूनच रद्द' असा केला. जपाननें 'सत्ता गेल्यापासून रद्द' असा केला. अशा मोघम शब्दांवर उभारलेली भिंत किती टिकणार? २०१८ सालीं कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयानें युद्धकाळांत सक्तीनें राबविलेल्या मजुरांस भरपाई देण्याचा हुकूम एका जपानी कंपनीस केला, आणि २०१९ सालीं जपाननें कोरियाकडे जाणाऱ्या कांहीं औद्योगिक मालावर निर्बंध घातले. तहास अर्धशतक लोटलें होतें. तंटा होता तेथेंच होता.

आतां घरचें उदाहरण. आमच्या परभणीहून बीदर फार दूर नाहीं. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत हे दोन्ही जिल्हे एकाच हैदराबाद राज्यांत नांदत होते. दुसऱ्या दिवशीं राज्यपुनर्रचना अंमलांत आली. परभणी मुंबई राज्यांत आली; बीदर जिल्ह्यापैकीं उदगीर, अहमदपूर व निलंगा हे तालुके इकडे आले, आणि बीदर, भालकी, हुमनाबाद म्हैसूरकडे गेले. त्याच दिवशीं मुंबई राज्यांतील बेळगांव व कारवारही म्हैसूरास जोडलीं गेलीं. तेथील मराठी भाषकांची हरकत त्याआधींपासूनच होती. १७ जानेवारी १९५६ रोजीं बेळगांवांत गोळीबार होऊन माणसें मेलीं, आणि तो दिवस तेथील मराठी लोक हुतात्मा दिन म्हणून पाळतात.

सीमा ठरविण्याचें तत्त्व कोणास ठाऊकच नव्हतें, असें नाहीं. आंध्र व मद्रास यांच्या सीमेचा वाद हरि विनायक पाटसकर यांनीं सोडविला, तेव्हां गांव हा घटक, भूप्रदेशाची सलगता व भाषिक बहुसंख्या हीं गमकें उभय राज्यांनीं मान्य केलीं होतीं. त्यानुसार १९५९ सालीं कायदा झाला व पुढील वर्षीं तो अंमलांत आला. महाराष्ट्राची मागणी याच तत्त्वाची होती. परंतु सेनापति बापटांच्या उपोषणानंतर ऑक्टोबर १९६६ मध्यें मेहरचंद महाजन यांचा आयोग नेमला गेला, तेव्हां उभयतांस मान्य असें तत्त्व त्याच्या हातीं दिलेलें नव्हतें. आयोगानें १९६७ सालीं निप्पाणी, खानापूर, नंदगडसह २६४ गांवें महाराष्ट्रास, जत, अक्कलकोट व दक्षिण सोलापूर या भागांतील २४७ गांवें म्हैसूरास द्यावीं, आणि बेळगांव शहर आहे तेथेंच ठेवावें, अशी शिफारस केली. महाराष्ट्रानें ती नाकारली; कर्नाटक तीच अखेरची मानतें. आयोग महाराष्ट्राच्याच आग्रहानें नेमला गेला होता, हें कर्नाटकाचें म्हणणेंही खोटें नव्हे. २००४ सालीं महाराष्ट्रानें ८६५ गांवांसाठीं सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला. वीस वर्षें पुरीं झालीं तेव्हांही निकाल लागलेला नव्हता.

खेद याचा वाटतो कीं, वांटणीचें तत्त्व ज्यानें शिकविलें तो आचार्य याच मुलखांतला. याज्ञवल्क्यस्मृतीवरील 'मिताक्षरा' टीका विज्ञानेश्वरानें चालुक्य विक्रमादित्याच्या काळीं कल्याण नगरींत लिहिली. तेंच आजचें बीदर जिल्ह्यांतील बसवकल्याण. पुत्राचा हक्क वडिलांच्या मर्जीवर नसून जन्मानेंच सिद्ध होतो, हा त्याचा सिद्धांत. आपल्या घराण्यांच्या वांटण्या शतकानुशतकें त्याच्या आधारें झाल्या. हक्क आधीं, हिस्सा मागाहून, हा क्रम कानडी नगरींतल्या या पंडितानें मराठी घरांस शिकविला!

तंटा न्यायालयांत असतां शेजाऱ्यास मात्र त्याची शिक्षा होऊं नये. डिसेंबर २०२२ मध्यें बेळगांवजवळ महाराष्ट्रांतील मालमोटारींवर दगड पडले, आणि पुण्यांत कर्नाटकाच्या बसगाड्यांस काळें फांसलें गेलें. त्या गाड्या हांकणाऱ्यांनीं सीमा आंखली नव्हती. ज्या विठ्ठलास ज्ञानदेवांनीं कानडा म्हटलें त्याच्याच वारीस आपण जातों. ज्यांची मातृभाषा मराठी ते दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे कन्नडाचे महाकवि झाले, आणि गदगकडचे भीमसेन जोशी पुण्यास राहून मराठी अभंग घरोघर पोंचवून गेले. एवढें देणें-घेणें असलेल्या घरांत अबोला शोभत नाहीं.

तथापि गोड बोलून न्यायाचा प्रश्न संपत नाहीं. बेळगांवच्या मराठी माणसास सरकारी कागद मराठींत मिळावा, मुलास मराठी शाळा मिळावी, ही मागणी रास्त आहे व ती सोडूं नये. मात्र तीच मागणी जत व अक्कलकोटचा कानडी शेजारी आपणांकडे करील, तेव्हां आपलें उत्तर काय? जें माप आपण तिकडे मागतों, तेंच माप इकडे आपल्या हातानें भरून दिलें, तर तत्त्व ठरण्यास प्रारंभ झाला असें म्हणतां येईल. त्यासाठीं कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाहीं. घरांतील मुलें 'कानडी' हा शब्द कोणत्या सुरांत ऐकतात, एवढ्याकडे वडील मंडळींनीं लक्ष दिलें तरी पुढील पिढीचें अर्धें काम झालें.