परक्या शहरात गेलेला कॅमेरा

१९१२ सालच्या फेब्रुवारीत दादासाहेब फाळके लंडनला गेले तेव्हा त्यांच्याबरोबर कोणीही नव्हते. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून उभा केलेला पैसा एका माणसाच्या बोटीच्या भाड्याला आणि यंत्रसामग्रीला जेमतेम पुरणारा होता. त्या अनोळखी शहरात ते ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाच्या संपादकांना जाऊन भेटले, त्यांच्या ओळखीने सेसिल हेपवर्थ यांचा स्टुडिओ त्यांनी पाहिला, विल्यमसन कॅमेऱ्याची मागणी नोंदविली आणि १ एप्रिलला ते परत आले. पुढील वर्षी ३ मे रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. एक माणूस गेला, पण शिकला मात्र सगळा कारखाना. फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापर्यंतचे काम सरस्वतीबाईंनी हाती घेतले, ते याच शिकवणीवर.

दुसरे उदाहरण शांताराम बापूंचे. प्रभातचा ‘सैरंध्री’ १९३३ साली रंगीत करण्यासाठी जर्मनीला नेला गेला. रंग बिघडले, पैसा बुडाला. परंतु बापूंनी तेथे केवळ प्रयोगशाळेच्या दारात बसून दिवस काढले नाहीत. त्यांनी जर्मन चित्रकला आणि चित्रपटकला डोळे उघडे ठेवून पाहिली. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मधील पडदाभर पसरणारा तो डोळा आणि त्यातील छायाप्रकाशाची योजना पाहिली म्हणजे बिघडलेल्या रंगांची भरपाई कोठे झाली हे ध्यानात येते.

हे आज आठवण्याचे कारण असे की, मराठी चित्रपटांची पथके आता परदेशी जातात, आणि बरीच जातात. साठीच्या दशकात ‘संगम’, ‘लव्ह इन टोकियो’, ‘ॲन इव्हिनिंग इन पॅरिस’ या हिंदी चित्रपटांनी जी चूष आणली, ती मराठीला परवडणारी नव्हती. आमच्या भोकरदनच्या बाजूला जत्रेतील तंबूच्या टॉकीजमध्ये आम्ही पॅरिस पाहिले, ते असे की पुढे कित्येक वर्षे त्या शहरात माणसे नोकरीला जात असतील ही शंकाही आम्हांस आली नाही! आता मराठी निर्मातेही लंडनला, स्कॉटलंडला जातात. २०२१ च्या ‘झिम्मा’ची गोष्ट वेगळी, तेथे प्रवास हाच कथेचा विषय होता आणि परक्या मुलुखात गेल्यावाचून त्या बायका एकमेकींशी मोकळ्या बोलल्याच नसत्या. पण कित्येक कथानकांतील माणसे लंडनऐवजी लोणावळ्याला गेली असती तरी काही बिघडले नसते.

ती लंडनला का जातात, याचे उत्तर कथेत नसून हिशेबाच्या वहीत आहे. ब्रिटनने २००७ पासून चित्रपटांना करसवलत ठेवली. सांस्कृतिक निकषांच्या कसोटीला चित्रपट उतरला आणि खर्चाचा ठरावीक हिस्सा त्या देशात झाला, की तेथील पात्र खर्चाच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम परत मिळू शके. २०२४ पासून या योजनेचे रूप बदलले, तत्त्व मात्र तेच राहिले. निर्मात्याने ही सवलत घेतली यात गैर काहीच नाही. धंदा हा धंदा आहे. प्रश्न पुढचा आहे. पथकाचा आकडा कमी करावयाची वेळ आली की कात्री कोठे लागते?

ती खालून लागते. दिग्दर्शक जातो, नटनट्या जातात, छायालेखक जातो. हरकाम्या, तिसरा सहायक, प्रकाशयोजनेतील पोरे मुंबईतच राहतात. ‘तेथील माणसे घ्यावी लागतात, नियमच तसा आहे,’ असे कारण सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. कसोटीत तेथील रहिवासी तंत्रज्ञांसाठी काही गुण असतात खरे. पण खर्च मोजताना सेवा कोठे वापरली गेली हे पाहतात, ती देणाऱ्याचे राष्ट्रीयत्व पाहत नाहीत. एका उमेदवाराच्या विमानभाड्याने सवलत बुडत नाही.

ही मागे राहिलेली मुले कोण, हे आम्हांस जालन्यात राहून चांगले ठाऊक आहे. घनसावंगी तालुक्यातील जांबसमर्थचे शेतकरी-नाटककार राजकुमार तांगडे यांनी लिहिलेले ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’ हे नाटक २०१२ पासून महाराष्ट्राने पाहिले. त्यात उभी राहिलेली बरीचशी मंडळी याच जिल्ह्यातील, शेतीभातीतून आलेली होती. (जांबचाच नारायण बोहल्यावरून निघाला आणि अवघा देश हिंडून समर्थ झाला, अशी परंपरा आहे. गाव सोडून पाहून येणे ही या मातीला नवी गोष्ट नव्हे.) युवक महोत्सवात बक्षिसे घेतलेली अशी मुले दरवर्षी मुंबईची गाडी धरतात. त्यांच्या दृष्टीने मुंबई हेच पहिले परके शहर असते. दुसऱ्याची पाळी बहुधा येतच नाही.

राज्य शासन मराठी चित्रपटांना दर्जानुसार अनुदान देते. २०१६ पासून निवडक चित्रपट कानच्या बाजारातही पाठविते. हा पैसा परतूरच्या शिक्षकाच्या आणि अंबडच्या कारकुनाच्याही करातून जातो. तेव्हा परदेशात चित्रण करणाऱ्या ज्या चित्रपटाला अनुदान हवे असेल, त्याने जिल्ह्यांतून आलेला निदान एक उमेदवार पथकात न्यावा, अशी अट घालण्यास काय हरकत आहे? यावर वशिल्याचे भाचे-पुतणे घुसतील, असा आक्षेप येईल. येईलही. पण भाचे-पुतणे आज अट नसतानाही जातातच. निदान एक जागा तरी त्यांच्यापासून राखता येईल.

माझा एक जुना विद्यार्थी अशाच एका पथकात तिसरा सहायक होता. नकाशे आणि छायाचित्रे पाहून त्याने त्या परक्या शहराचे अठरा दिवसांचे वेळापत्रक रचले. कोणत्या रस्त्यावर गाडी उभी करता येते, कोणत्या पुलावर परवानगी लागते, सूर्य किती वाजता मावळतो, सगळे. नावे काढली गेली त्यात त्याचे नाव गेले. पथक परत आल्यावर संकलनाच्या खोलीत दृश्यांची नोंद करावयास तो बसला. त्याने मला फोनवर सांगितले, “सर, नदीकाठच्या सीनला ऊन उजवीकडून येईल असं मी लिहिलं होतं. उजवीकडूनच आलंय.”